हातभर अंतरावरचा कॅमेरा : नेल्सन सलिव्हन आणि १९८०च्या दशकातील न्यूयॉर्क

१/
इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि जुना पत्रव्यवहार उभा राहतो. आजच्या थ्रेडमध्ये आपण एका निराळ्या साधनाकडे वळणार आहोत, ते म्हणजे व्हिडिओ कॅसेट. त्यानिमित्ताने ओळख करून घ्यायची आहे ती नेल्सन सलिव्हन या माणसाची. १९८०च्या दशकात त्यांनी न्यूयॉर्क शहरातील आपले रोजचे जगणे कॅमेऱ्यात टिपले आणि मागे बाराशे तासांहून अधिक चित्रण ठेवले.

२/
हात लांब करून कॅमेरा स्वतःकडे वळवायचा आणि चालता चालता बोलायचे, हे आज शाळकरी मुलेही करतात. ज्या काळात ही सवय रूढ नव्हती आणि त्यासाठी सोयीचे यंत्रही नव्हते, त्या काळात सलिव्हन ते करत होते. त्यांनी टिपलेले जग पुढच्या काही वर्षांत जवळपास नाहीसे झाले. काही रोगराईने गेले, काही वाढत्या घरभाड्याने. म्हणूनच या कॅसेटी एका हौशी माणसाच्या छंदापुरत्या राहिल्या नाहीत, त्या ऐतिहासिक साधन ठरल्या. हे कसे घडले, ते क्रमाने पाहू.

३/
सलिव्हन यांचा जन्म १५ मार्च १९४८ रोजी अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील कर्शॉ या लहानशा गावी झाला. १९७०च्या दशकाच्या आरंभी ते न्यूयॉर्कला आले. उपजीविकेसाठी त्यांनी जोसेफ पॅटेलसन म्युझिक हाउस या दुकानात नोकरी धरली. प्रसिद्ध कार्नेगी हॉलच्या मागेच असलेले हे दुकान पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या छापील स्वरलिप्या विकत असे. दिवसा दुकान आणि रात्री शहर, असा त्यांचा दिनक्रम होता. आवाज मृदू, बोलण्यात दक्षिणेकडची संथ ढब. ती त्यांच्या कॅसेटींत अखेरपर्यंत ऐकू येते.

४/
ते ज्या शहरात आले, त्याची अवस्था समजून घेणे आवश्यक आहे. १९७५ साली न्यूयॉर्क महानगरपालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचली होती. १९७० ते १९८० या दहा वर्षांत शहराची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक घटली. कारखाने बंद पडत होते, गोद्या ओस पडल्या होत्या, इमारती रिकाम्या होत होत्या. या पडझडीची एक बाजू मात्र कलावंतांच्या पथ्यावर पडली. मॅनहॅटनच्या दक्षिण भागात, ज्याला 'डाउनटाउन' म्हणतात, तुटपुंज्या कमाईत डोक्यावर छप्पर मिळू शकत होते. चित्रकार, नट, वादक आणि घरातून हाकलले गेलेले अनेक तरुण तिथे येऊन राहिले.

५/
सलिव्हन यांचे घर होते '५, नाइन्थ ॲव्हेन्यू' या पत्त्यावर, म्हणजे मांसबाजाराच्या वस्तीत. पहाटेपासून तिथे ट्रक लागत, आकड्यांना टांगलेले मांस उतरवले जाई, दगडी फरसबंदीवर रक्तमिश्रित पाणी वाहत असे. दुपारपर्यंत बाजार उठला की सगळीकडे सामसूम होई. वस्तीवरून जाणाऱ्या उन्नत मालवाहू रेल्वेमार्गावरची शेवटची गाडी १९८० साली धावली. पुढे रुळांमध्ये गवत माजले. पलीकडे हडसन नदीकाठचे धक्के मोडकळीस आले होते. प्रतिष्ठित न्यूयॉर्ककर या भागात राहावयास येत नसत, त्यामुळेच सलिव्हन यांच्यासारख्यांना तो परवडत होता.

६/
हे घर म्हणजे एक प्रकारची धर्मशाळाच होती. ॲटलांटाहून नशीब काढायला आलेली तरुण मंडळी तिथे मुक्कामाला असत. त्यांपैकी एक होता रूपॉल, उंचापुरा आणि खिशात पैसा नसलेला कृष्णवर्णीय कलावंत. लेडी बनी या नावाने वावरणारा कलावंतही याच मंडळींतला. सलिव्हन वयाने त्यांच्याहून वडील होते. त्यांच्याकडे नोकरी होती, घर होते आणि पुढे कॅमेराही आला. रात्री ही मंडळी नटूनथटून बाहेर पडत, आणि यजमान कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे निघत.

७/
या मंडळींची कला होती 'ड्रॅग', म्हणजे पुरुषाने भडक स्त्रीवेश धारण करून गाणे, नाचणे आणि विनोद करणे. आपल्या जुन्या संगीत नाटकांतील स्त्रीपार्टाशी तिची तुलना करण्याचा मोह होतो, परंतु दोन्हींत मोठा भेद आहे. स्त्रीपार्टात पुरुष असल्याचे प्रेक्षकाने विसरावे अशी अपेक्षा असे. ड्रॅगमध्ये ते त्याने सतत ध्यानात ठेवायचे असते, गंमत त्यातच असते. ॲव्हेन्यू 'ए'वरील पिरॅमिड क्लब हे या कलेचे एक माहेरघर होते. जवळच्या टॉम्पकिन्स स्क्वेअर उद्यानात याच वर्तुळाने 'विगस्टॉक' नावाचा केसांच्या टोपांचा वार्षिक उत्सव सुरू केला.

८/
आता यंत्राकडे वळू. जगण्याची चित्रमय दैनंदिनी ठेवण्याची कल्पना सलिव्हन यांच्याआधीची आहे. लिथुएनियाहून निर्वासित म्हणून १९४९ साली न्यूयॉर्कला आलेले जोनास मेकस बोलेक्स कॅमेऱ्याने मित्र, बर्फ, उद्याने, मेजवान्या टिपत राहिले आणि १९६९ साली त्यांचा 'वॉल्डन' हा दैनंदिनीपट पूर्ण झाला. मात्र फिल्म महाग होती. १६ मिलिमीटरच्या शंभर फुटी रिळात पुरती तीन मिनिटेही मावत नसत. त्यामुळे काय टिपायचे आणि काय सोडायचे, हा निर्णय क्षणोक्षणी घ्यावा लागे.

९/
व्हिडिओने हे गणित बदलले. एका कॅसेटीत दोन तास मावत, ती धुण्यासाठी प्रयोगशाळेत पाठवावी लागत नसे आणि आवाजही आपोआप नोंदला जाई. सोनी कंपनीचा 'पोर्टापॅक' १९६७ साली आला तेव्हापासून व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर घेऊन फिरणे शक्य झाले होते. तरी १९८०च्या दशकाच्या आरंभीची घरगुती यंत्रेदेखील अवजडच होती. कॅमेरा हातात, ध्वनिचित्रमुद्रक खांद्याच्या पट्ट्याला, दोहोंमध्ये केबल आणि सोबत जड बॅटरी. सलिव्हन यांनी चित्रणाला आरंभ केला तो अशाच व्हीएचएस सामग्रीने.

१०/
पहिली काही वर्षे सलिव्हन कॅमेऱ्यामागे राहिले. पडद्यावर मित्र दिसत, रंगमंच दिसे, गर्दी दिसे. सलिव्हन यांचा फक्त आवाज ऐकू येई. ही बैठक आपल्या ओळखीची आहे. प्रवासवर्णनकार किंवा वार्ताहर अशाच जागी उभा असतो. जग त्याच्यासमोर घडते आणि तो बाजूला राहून पाहतो. सलिव्हन इथेच थांबले असते, तरी नृत्यगृहांचे एक चांगले चित्रणकार म्हणून त्यांचे नाव राहिले असते.

११/
१९८५ साली सोनीने 'हॅन्डीकॅम' बाजारात आणला. ८ मिलिमीटर रुंदीच्या फितीची ही कॅसेट गाण्यांच्या कॅसेटीएवढीच होती. या प्रकारच्या यंत्रांत कॅमेरा आणि मुद्रक एकत्र आले आणि एका हातात पेलण्याजोगे झाले. १९८७च्या सुमारास सलिव्हन यांनी असे ८ मिलिमीटरचे यंत्र घेतले आणि त्यांच्या चित्रणाची दिशा अक्षरशः फिरली. त्यांनी कॅमेरा हातभर अंतरावर धरला, भिंग स्वतःकडे वळवले आणि ते चालू लागले.

१२/
हे वाटते तितके सोपे नव्हते. उलटून समोर येणारा छोटा पडदा तेव्हाच्या कॅमेऱ्यांना नसे. चौकट पाहायची तर डोळा छिद्राला लावावा लागे. कॅमेरा स्वतःकडे वळवला की चित्रात काय येते आहे, हे कळायला मार्गच नव्हता. सलिव्हन यांनी विशालकोनी भिंग लावले आणि सरावाने हातालाच डोळा बनवले. बोलता बोलता ते मनगट वळवत. चित्रात आधी त्यांचा चेहरा, मग रस्ता, मग सोबतचा मित्र आणि पुन्हा त्यांचा चेहरा येई. ही हालचाल इतकी सफाईदार असे की, आज पाहताना कोणी तिसराच चित्रण करत असल्याचा भास होतो.

१३/
या वळणाचे ऐतिहासिक महत्त्व काय? कागदपत्र वाचताना आपण नेहमी विचारतो की हे कोणी लिहिले, कोठे बसून लिहिले, त्याचा हेतू काय होता. बहुतेक चित्रणांत हा 'कोणी' अदृश्य असतो. सलिव्हन यांच्या उत्तरकालीन कॅसेटींत साक्ष आणि साक्षीदार एकाच चौकटीत येतात. नृत्यगृहाच्या दारावर त्यांना आत सोडतात की नाही, मित्र त्यांना कसे हाक मारतात, रात्र सरताना चेहऱ्यावर किती थकवा आहे, हे सारे दिसते. शहरही दिसते आणि ते पाहणारा माणूसही.

१४/
मग त्यांना 'पहिले व्हिडिओ दैनंदिनीकार' म्हणावे काय? अनेकदा तसे म्हटले जाते. परंतु इथे सावध राहावे. लिन हर्शमन लीसन या कलावतीने १९८४ साली कॅमेऱ्यासमोर बसून आपली 'इलेक्ट्रॉनिक डायरी' सांगण्यास आरंभ केला होता. जॉर्ज कुचर यांनीही १९८०च्या दशकाच्या मध्यास ८ मिलिमीटर कॅमेऱ्याने व्हिडिओ दैनंदिन्या केल्या. एकाच काळी एकच यंत्र अनेकांच्या हाती आले की एकच कल्पना अनेकांना सुचते. सलिव्हन यांचे वेगळेपण त्यांच्या विषयात आहे. त्यांनी दैनंदिनी खोलीबाहेर काढली आणि रस्त्यावर, जिन्यांवर, टॅक्सीत, गर्दीत नेली.

१५/
त्या कॅसेटींत विशेष असे बहुधा काहीच घडत नाही. घरातून निघणे, वाटेत ओळखीचे कोणी भेटणे, आज कोठे जायचे यावर वाद, दारावरची रांग, आतला गोंगाट, पहाटेची परतवाट. नेमके हेच अभ्यासकाला मोलाचे वाटते. वर्तमानपत्रे समारंभ नोंदवतात, पोलिसी दप्तरे गुन्हे नोंदवतात. दोन समारंभांच्या मधला वेळ कोणीच नोंदवत नाही. माणसे कशी चालत, एकमेकांची कशी थट्टा करत, किती वेळ नुसती वाट पाहत उभी राहत, हे कोणत्याही दप्तरात सापडायचे नाही.

१६/
आपल्याकडील साधनांच्या भाषेत सांगायचे तर हा बखर आणि रोजकीर्द यांतला फरक आहे. बखरकार घटना उरकल्यानंतर लिहितो. कोण जिंकले, कोण बुडाले हे त्याला ठाऊक असते आणि त्या ज्ञानाचा रंग पहिल्या पानापासून चढतो. रोजकीर्द लिहिणाऱ्या कारकुनाला मात्र उद्याचे काहीच ठाऊक नसते. तो फक्त आजचा जमाखर्च मांडतो. सलिव्हन यांच्या कॅसेटी रोजकीर्दीच्या जातीच्या आहेत. त्यांतल्या कोणालाही आपला शेवट माहीत नाही. तो आपल्याला माहीत आहे, आणि तो विसरून त्या पाहणे आपल्याला जमत नाही.

१७/
रूपॉलचेच पाहा. या चित्रणातला रूपॉल अनोळखी आहे. 'सुपरमॉडेल' हे त्याचे गाणे १९९२ साली आले आणि त्यानंतर तो घराघरांत पोहोचला. त्याच कॅसेटींत मायकेल ॲलिग हा हसरा, उत्साही तरुण भेटतो, जो रात्रीच्या मेजवान्या भरवण्यात वाकबगार होता. पुढे १९९६ साली त्याच्या हातून एंजल मेलेंडेझ या सहकाऱ्याचा खून झाला आणि तो तुरुंगात गेला. कॅसेटीत मात्र दोघेही केवळ तरुण आहेत. प्रसिद्धी आणि दुष्कीर्ती या दोन्ही वाटा अजून फुटायच्या आहेत.

१८/
आता या काळावरची सर्वांत गडद सावली. ५ जून १९८१ रोजी अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या एका दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद छापली गेली. पुढे ज्याला एड्स हे नाव मिळाले, त्या रोगाची ही पहिली अधिकृत नोंद मानली जाते. न्यूयॉर्कच्या समलिंगी वस्त्यांवर त्याने झडप घातली. शासन थंड होते, समाज तिरस्काराने पाहत होता, औषध नव्हते. मार्च १९८७ मध्ये याच शहरात 'ॲक्ट अप' ही आंदोलक संघटना उभी राहिली. सलिव्हन कॅमेरा घेऊन फिरत होते, ती हीच वर्षे.

१९/
त्यांनी टिपलेल्यांपैकी रंगभूमीवरचे अवलिये एथिल आयकेलबर्गर आणि उभ्या केसांचा गायक जॉन सेक्स हे दोघेही १९९० साली गेले. दोघांनाही एड्सने ग्रासले होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत चित्रकार कीथ हॅरिंग याच रोगाने वारले. कित्येकांची तर नावेही कोठे छापली गेली नाहीत. घरच्यांनी तोंड फिरवलेले असल्याने अनेकांच्या वस्तू, पत्रे आणि छायाचित्रे थेट कचऱ्यात गेली. अशा माणसांचे चालणे, हसणे, बोलणे जिवंत राहिले, त्यातले काही केवळ या कॅसेटींमुळे.

२०/
त्याच शहरात तेव्हा आणखी एक व्हिडिओ कॅमेरा गाजला. ६ ऑगस्ट १९८८च्या रात्री टॉम्पकिन्स स्क्वेअर उद्यानाभोवती पोलिसांनी जमावावर लाठ्या चालवल्या. क्लेटन पॅटरसन या रहिवाशाने ३ तास ३३ मिनिटांचे चित्रण केले. मूळ कॅसेट देण्यास नकार दिल्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाला आणि त्या चित्रणाने पोलिसांची बेशिस्त उघड केली. सामान्य नागरिकाचे चित्रण पुरावा ठरू शकते, हे त्या रात्रीने दाखवले. सलिव्हन यांच्या कॅसेटींत आरोप नाही की फिर्याद नाही. तरीही त्या पुराव्याच आहेत, अशी माणसे होती आणि ती अशी जगत होती याच्या.

२१/
सलिव्हन हे सारे कोणासाठी करत होते? तेव्हा आंतरजालावर चित्रफीत टाकण्याची सोय नव्हती. एक वाट मात्र होती. मॅनहॅटनमध्ये १९७१ पासून केबल दूरचित्रवाणीवर सर्वसामान्यांसाठी खुल्या वाहिन्या होत्या, जिथे कोणीही आपला कार्यक्रम दाखवू शकत असे. ॲटलांटात त्यांचे स्नेही डिक रिचर्ड्स अशाच वाहिनीवर 'द अमेरिकन म्युझिक शो' चालवत आणि रूपॉलची मंडळी तिथूनच पुढे आली होती. सलिव्हन यांनाही स्वतःचा असा कार्यक्रम काढायचा होता. वर्षानुवर्षे साठवलेल्या कॅसेटींना त्यांना प्रेक्षक मिळवून द्यायचा होता.

२२/
१९८९च्या उन्हाळ्यात त्यांनी धीर केला आणि या कार्यक्रमाला पूर्ण वेळ देण्यासाठी नोकरी सोडली. ३ जुलै रोजी नेहमीप्रमाणे ब्लॅकआउट या आपल्या कुत्र्याला घेऊन ते हडसन नदीच्या बाजूला फिरावयास गेले. कॅमेरा हातात होताच. फेरी साधीच होती, कोणत्याही दिवसासारखी. ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय अवघे एकेचाळीस. कार्यक्रमाचा एकही भाग प्रसारित व्हायचा होता.

२३/
इथे या कहाणीचा दुसरा अध्याय सुरू होतो, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो पहिल्याइतकाच लक्षपूर्वक वाचावा. माणूस गेला की त्याच्या घरातील सामानाचे काय होते, हे आपण सारे जाणतो. ढीगभर कॅसेटी बाहेरच्याला रद्दीच वाटणार. त्यातून चुंबकीय फीत ही नाशवंत वस्तू आहे. दमट हवेत तिला बुरशी लागते, लेप सुटू लागतो, चित्र विरत जाते. कागद शतके टिकतो. फितीला काही दशकांचेच आयुष्य असते. शिवाय ती वाचणारी यंत्रेही काळाबरोबर नाहीशी होतात. फीत शाबूत राहिली तरी ती चालवायला यंत्र उरत नाही.

२४/
डिक रिचर्ड्स यांनी त्या कॅसेटी सांभाळल्या. डेव्हिड गोल्डमन आणि रॉबर्ट कॉडिंग्टन या त्यांच्या सोबत्यांनी त्यांची जुळवाजुळव केली आणि '५ नाइन्थ ॲव्हेन्यू प्रोजेक्ट' या नावाने निवडक चित्रण यूट्यूबवर आणले. पुढे हा सारा संग्रह न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयाकडे सुपूर्द झाला. डाउनटाउनच्या कलाजीवनाची कागदपत्रे जपण्यासाठी या ग्रंथालयाने स्वतंत्र विभागच उभारला आहे. सारांश, या साधनाला जीवदान मिळाले ते आधी मैत्रीमुळे. संस्था नंतर आली.

२५/
दरम्यान शहर ओळखू येईनासे झाले. मांसबाजार बहुतांशी हटला आणि त्या जागी उंची कपड्यांची दुकाने, हॉटेले आली. सलिव्हन यांच्या घरातच २००४ साली एक उपाहारगृह उघडले. गवत माजलेल्या रेल्वेमार्गाचे 'हाय लाइन' हे उंचावरचे उद्यान झाले. त्याचा पहिला टप्पा २००९ साली खुला झाला. २०१५ साली जवळच व्हिटनी कलासंग्रहालयाची भव्य वास्तू उभी राहिली. जिथे कफल्लक कलावंत स्वस्तात राहत, तिथे आता त्यांच्या पिढीची कला पाहण्यासाठी तिकीट काढावे लागते.

२६/
तथापि कोणतेही साधन डोळे मिटून स्वीकारू नये, हा आपला नेम इथेही लागू आहे. हे चित्रण एका वर्तुळाचे आहे. त्यात रात्रच अधिक आहे. पहाटे मांस उतरवणारे कामगार, ज्यांच्या श्रमावर ती वस्ती चालत होती, त्यांची दैनंदिनी कोणी ठेवली नाही. कॅमेरा दिसताच माणसे अभिनय करू लागतात, आणि ही मंडळी तर जातिवंत नटच होती. शिवाय ज्यांना टिपले, त्यांनी होकार दिला तो मित्राच्या कॅमेऱ्याला. साऱ्या जगाने पाहावे असे त्यांना वाटले असते का, हे आता विचारता येत नाही. अभ्यासकाने हा संकोच बाळगलेला बरा.

२७/
आणखी एक मुद्दा. यूट्यूबवरची पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ रोजी चढवली गेली. प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे राहून जावेद करीम हा तरुण बोलतो आहे. लांबी अवघी १९ सेकंद. तिथून जी लाट आली, तिचे जनकत्व कधी कधी सलिव्हन यांना दिले जाते. परंतु आधी असणे वेगळे आणि प्रभाव असणे वेगळे. त्यांच्या कॅसेटी तेव्हा फारच थोड्यांनी पाहिल्या होत्या. पुढच्या पिढीने तीच रीत स्वतंत्रपणे शोधली. एकाकी पूर्वसुरी असा सलिव्हन यांचा उल्लेख अधिक न्याय्य ठरेल.

२८/
मग आपण यातून काय घ्यावे? आपल्यापैकी प्रत्येकाच्या फोनमध्ये आज एक रोजकीर्द साठते आहे. गल्लीतला गणपती, पाडली जाणारी चाळ, बंद पडलेले चित्रपटगृह, आजीचे बोलणे. सलिव्हन यांच्याकडे बाराशे तासांचे चित्रण होते आणि ते सांभाळणारे मित्र होते. आपल्याकडे चित्रण उदंड आहे. सांभाळणारा कोण, हे मात्र ठरलेले नाही. तेव्हा एवढे तरी करावे. जे मोलाचे वाटते त्याला तारीख, ठिकाण आणि माणसांची नावे जोडून ठेवावीत, त्याची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवावी आणि ती कोठे आहे हे एका तरी विश्वासू माणसाला सांगून ठेवावे.

२९/
३ जुलै १९८९च्या त्या फेरीत सलिव्हन यांना आपण इतिहास घडवतो आहोत असे वाटत नव्हते. कुत्र्याला फिरवून आणायचे होते, आणि हातात कॅमेरा होता. तेवढ्याने एक वस्ती, एक मित्रमंडळ आणि एक काळ आपल्यापर्यंत पोहोचला.

थ्रेड समाप्त. आपल्या गावातली किंवा शहरातली कोणती जागा आज कोणीच टिपून ठेवत नाही असे तुम्हाला वाटते, ते जरूर लिहा.